मुंबई ते न्यू जर्सी किती तास? डोंबिवलीच्या दारापासून मोजायचं कसं

मावशीचा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये होते, मुलुंड नुकतंच गेलेलं, आणि तिने एकच विचारलं, अगं न्यू जर्सीला विमानाने किती तास लागतात गं. तिची लेक एडिसनला असते, बाळंतपण जवळ आलेलं, आणि मावशी आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर निघालेली. मी एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर बघितलं आणि सांगून टाकलं, सव्वापंधरा तास. तिने ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं, शेजारच्या काकूंना सांगितलं आणि त्याच हिशोबाने दशम्या केल्या, चार तासाला एक म्हणजे चार. विमानातलं ती खात नाही, कितीही व्हेज म्हणा, तिचा विश्वास नाही.

पोचल्यावर तिचा फोन आला, पहिलंच वाक्य, "तुझे सव्वापंधरा तास आत्ता संपले बघ." डोंबिवलीच्या दाराला कुलूप लावल्यापासून एडिसनच्या दारात चपला काढेपर्यंत पावणेचोवीस तास झाले होते. आणि दशम्या कधीच संपल्या होत्या.

मी खोटं काहीच सांगितलं नव्हतं, फक्त तिने विचारलं एक आणि मी सांगितलं दुसरं. तेव्हापासून घरातलं कोणी लांब निघालं की मी बसून नीट हिशोब करून देते, अंतर वेगळं, विमानाचा वेळ वेगळा आणि दार ते दार वेगळा. तो कसा करायचा ते लिहितेय, मावशीचाच प्रवास धरून, कारण तो पाठ झालाय.

आधी अंतर, कारण ते सगळ्यात सोपं आहे. कॉम्प्युटरवर गूगल मॅप उघडा, मुंबई एअरपोर्टवर राइट क्लिक करून 'मेजर डिस्टन्स' करा आणि दुसऱ्या एअरपोर्टवर क्लिक करा, झालं. नाहीतर ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, तिथे एअरपोर्टचे तीन अक्षरी कोड टाकायचे, मुंबईचा बीओएम, न्यू जर्सीतल्या नेवार्कचा ईडब्ल्यूआर, मध्ये एक डॅश, की किलोमीटर आणि नकाशावर रेघ दोन्ही मिळतं. मुंबई-नेवार्क साधारण १२,५५० किमी येतं. मुंबई-लंडन ७,२०० च्या आसपास, दुबई १,९३०, सिंगापूर ३,९००, आणि आपली दिल्ली १,१४०.

इथे लोक एका गोष्टीत हमखास फसतात. वेगवेगळ्या साइट्सवर वेगवेगळे आकडे दिसतात, कुठे १२,५५०, कुठे ७,८००, कुठे ६,७७०, आणि मग वाटतं की हे लोक काहीही लिहितात. काहीही नाही लिहीत, पहिले किलोमीटर आहेत, दुसरे साधे मैल आणि तिसरे नॉटिकल मैल. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, साधा मैल १.६०९ किमी. आकड्यापुढचं युनिट बघा एवढंच.

आता ती रेघ. मावशीला मी स्क्रीनवर दाखवली तर ती म्हणाली, हे विमान रशियात कशाला जातंय, अमेरिका तर पश्चिमेला आहे ना. बरोबर शंका आहे, सपाट नकाशावर मुंबईतून डावीकडे रेघ मारली तर अरबी समुद्र, आफ्रिका, मग अटलांटिक, सरळ न्यूयॉर्क. पण पृथ्वी सपाट नाही. भाच्याचा शाळेतला पृथ्वीगोल होता घरात, २० सेंटिमीटर व्यासाचा, त्याच्यावर मी मावशीच्याच हातात शिवणाचा दोरा दिला, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायला सांगितलं आणि दुसरं न्यूयॉर्कवर ताणून धरायला. ढिला सोडला की दोरा आफ्रिकेवर लोंबतो, ताणला की आपोआप वर सरकतो, मध्य आशिया, मग रशिया, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, आइसलंडच्या बाजूने, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाला जवळजवळ चाटून कॅनडात उतरतो. ताणलेला दोरा म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता. मग तो दोरा पट्टीवर ठेवला, पावणेवीस सेंटिमीटर भरला. त्या गोलाचा परीघ साधारण ६३ सेमी, पृथ्वीचा ४०,००० किमी, म्हणजे एक सेंटिमीटरला ६३५ किमी, पावणेवीसचे झाले साडेबारा हजार. साइटवरचा आकडा आणि मावशीचा दोरा यात फरक नाही. मुलं असतील घरात तर करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

सॅन फ्रान्सिस्कोला तर याहून मजा आहे, साडेतेरा हजार किमी आहे पण मुंबईतून दोरा ताणला तर जवळपास सरळ उत्तरेला जातो, थेट आर्क्टिक महासागरावर. म्हणून पूर्वेकडून जाऊ की पश्चिमेकडून यावर घरात भांडणं लावायला हे शहर चांगलं.

किलोमीटरचे तास करायचे कसे? मोठी विमानं वर गेल्यावर ताशी ९०० च्या आसपास उडतात, पण ९०० ने भागू नका, कारण चढताना उतरताना वेग कमी असतो आणि रस्ताही दोऱ्यासारखा सरळ नसतो. मी ८५० ने भागते आणि लांबच्या फ्लाइटला अर्धा तास मिळवते, जवळच्याला पाऊण तास किंवा थोडं जास्त. नेवार्क १२,५५० भागिले ८५० म्हणजे पावणेपंधरा, अधिक अर्धा, सव्वापंधरा. दुबई सव्वादोन अधिक पाऊण, तीन तास. दिल्ली एक तास वीस मिनिटं अधिक पन्नास मिनिटं, दोन तास दहा. तिकिटावरच्या वेळेशी ताडून बघा, दहा-वीस मिनिटांच्या आत येतं बहुतेक वेळा. लंडनला मात्र या हिशोबाने नऊ तास येतात आणि तिकिटावर जाताना साडेनऊ-दहा दिसतात, का ते पुढे.

तिकिटावर जो वेळ असतो त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, म्हणजे विमान गेटवरून मागे ढकललं तिथून ते पलीकडे गेटला लागेपर्यंत. हवेतला वेळ त्याच्यापेक्षा कमी असतो. आपल्या मुंबईत दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी धड वापरता येत नाहीत, आणि गर्दी तर माहितीच आहे, मग विमान ओळीत उभं राहतं, येताना कधी आकाशात घिरट्या घालतं. खिडकीतून खाली तेच तेच ठाणे-कल्याण तीनदा दिसलं तर घाबरायचं कारण नाही. कंपन्या हा सगळा वेळ धरूनच वेळापत्रक छापतात, म्हणूनच पायलट कधी कधी ऐटीत सांगतो की आपण वीस मिनिटं आधी पोचलो. पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस रनवेच्या डागडुजीसाठी काही तास बंद असतात, ती तारीख पेपरात येते, त्या दिवसाचं तिकीट काढताना बघून घ्या.

वारा हा दुसरा मुद्दा. वर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात तो आणखी जोरात असतो. युरोप-अमेरिकेकडे जाताना विमान वाऱ्याच्या विरुद्ध, येताना वारा पाठीला. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा वेळ कधीच सारखा नसतो, न्यू जर्सीला जाताना सव्वापंधरा तर येताना सव्वाचौदा, असा तासाभराचा फरक अगदी नेहमीचा. नुसतं "मुंबई न्यूयॉर्क किती तास" असं विचारून एकच आकडा मिळाला तर तो कुठल्या बाजूचा आहे ते आधी विचारा.

आणि तिसरा मुद्दा आकाश बंद असण्याचा, जो पूर्वी कोणाच्या डोक्यातही नसायचा. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती, आणि २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पुन्हा बंद केली. रशियाची हद्द युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना २०२२ पासून बंद आहे. म्हणजे दोऱ्याने दाखवलेला तो सुंदर रस्ता कागदावर राहतो आणि विमान वळसा घालून जातं. लंडनचे जास्तीचे तास थोडे वाऱ्याचे आणि थोडे या वळशाचे. यात आपल्याला एक समाधान आहे, दिल्लीवाल्यांना हा वळसा जास्त जाचतो, मुंबईचं विमान तसंही अरबी समुद्रावरून निघू शकतं. आखातातही असंच, २३ जून २०२५ ला कतारने काही तास हद्द बंद केली आणि दोह्याकडे निघालेली विमानं वाटेतून वळली.

म्हणून मी एक करते, निघायच्या आठवड्यात फ्लाइटरडारवर आपल्या फ्लाइटचा नंबर टाकून गेल्या सात दिवसांत ती रोज किती वाजता सुटली आणि किती वाजता पोचली ते बघते. वेळापत्रक काय म्हणतं त्यापेक्षा हे खरं. सातपैकी पाच दिवस तासभर उशिरा असेल तर तुमच्या दिवशीच ती वेळेवर सुटेल अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही, पुढचं कनेक्शन त्याप्रमाणे घ्या.

आता घड्याळ. इथे सगळ्यात जास्त घोळ होतात आणि इथेच मी जास्त वेळ घालवते.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. निघण्याची मुंबईची, पोचण्याची तिकडची. मावशीच्या तिकिटावर होतं सुटणार ०२:००, पोचणार ०७:४५, त्याच दिवशी. शेजारच्या काकू म्हणाल्या, अरे वा पावणेसहा तासात अमेरिका! काढायचं असं की पोचायची वेळ मुंबईच्या घड्याळात आणायची. मे महिन्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, ०७:४५ मध्ये साडेनऊ मिळवले की १७:१५, दोन वाजल्यापासून सव्वापाचपर्यंत सव्वापंधरा तास. दोन्ही वेळा एकाच गावच्या केल्याशिवाय वजाबाकी करायची नाही, बस.

साडेनऊ कायम नसतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे, म्हणून उन्हाळ्यात फरक साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. इंग्लंडमध्ये हे मार्चच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं, फरक साडेचार आणि साडेपाच. दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे, ते दोघं घड्याळाला हात लावत नाहीत. लंडनसाठी एक जुनी गंमत, हिवाळ्यात काट्यांचं घड्याळ मनगटावर उलटं फिरवून वाचा, लंडनची वेळ दिसते. दुपारचे बारा उलटे केले की काटे साडेसहाच्या आसपास, आणि तिकडे सकाळचे साडेसहाच वाजलेले असतात.

हा अर्धा तास आपल्यालाच का, असं माझा भाचा विचारतो. आपली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, मिर्झापूरच्या जवळून जाणाऱ्या. मुंबई आहे ७३ अंशाच्या आत, म्हणजे सूर्याप्रमाणे बघितलं तर आपण त्या वेळेच्या जवळपास ३९ मिनिटं मागे. आणि पूर्वी खरंच मागे होतो, १९०६ मध्ये भारतभर एक वेळ झाली तरी मुंबईने आपला 'बॉम्बे टाइम' सोडला नाही, तो १९५५ पर्यंत चालू होता. घरात कोणी नव्वदीचं असेल तर विचारून बघा, आठवत असेल.

तारखेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मुंबईतून लांबची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, एक, दोन, तीन वाजता. कारण युरोपात किंवा आखातात पहाटे-सकाळी पोचून तिथून पुढची कनेक्शन मिळायची असतात, आणि काही ठिकाणी रात्री विमान उतरवूच देत नाहीत, फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ बंदी आहे. तर तिकिटावर १५ तारीख, वेळ ०२:०० असं असेल तर तुम्हाला घरातून १४ तारखेला संध्याकाळी निघायचं आहे. माझे एक काका १५ तारखेला रात्री साडेदहाला नव्या बुटात, कपाळाला कुंकू, हातावर दही, अशा थाटात सहार एअरपोर्टला पोचले, दारावरच्या जवानाने तिकीट बघितलं आणि शांतपणे म्हणाला, अंकल, ये तो कल रात का है. कल म्हणजे गेलेली. विमान वीस तासांपूर्वी उडालं होतं. नवं तिकीट काढेपर्यंत चार दिवस आमच्याकडे होते, कुणाशी बोलत नव्हते. तेव्हापासून मी तिकिटाच्या प्रिंटवर लाल पेनाने लिहून देते, "बुधवारी रात्रीचं जेवण घरी नाही." तारखेपेक्षा हे डोक्यात बसतं.

येताना उलटं, पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात +१ लिहिलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी. कधी +२ पण असतं. ज्याला आणायला यायचंय त्याला तारीख पाठवताना तो +१ मिळवून पाठवा.

डायरेक्ट घ्यायचं की मध्ये उतरायचं हा पुढचा प्रश्न. लोकांना वाटतं मध्ये दुबईला उतरलं म्हणजे लांबून गेलो. तसं नाही. दोऱ्याने बघा, मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई ते न्यूयॉर्कचा जेएफके एअरपोर्ट ११,०००, बेरीज १२,९३०, डायरेक्ट जेएफके १२,५३०. फरक फक्त ४०० किमी, उडायचा अर्धा तास. लंडनवरून गेलात तर फरक आणखी कमी, सव्वादोनशेच्या आसपास. दिल्लीवरूनही साडेतीनशे-चारशेच. म्हणजे वेळ जातो तो अंतरात नाही, जमिनीवर बसण्यात जातो. तीन तास दुबईपर्यंत, तीन तास तिथे, चौदा तास पुढे, वीस झाले, डायरेक्टपेक्षा पावणेपाच तास जास्त. पैसे मात्र बऱ्याचदा बरेच वाचतात. उलट कोणी स्वस्त म्हणून सिंगापूरवरून न्यूयॉर्क दाखवलं तर सरळ नाही म्हणा, ३,९०० अधिक १५,३०० च्या वर, आणि ती दुसरी फ्लाइट एकटीच अठरा तासांहून जास्त, जगातल्या सगळ्यात लांब फ्लाइट्सपैकी एक.

माझं मत विचाराल तर साठीच्या पुढच्या, पहिल्यांदा जाणाऱ्या, इंग्रजी बोलायला बिचकणाऱ्या माणसासाठी डायरेक्ट घ्या, पैसे दुसरीकडे वाचवा. मध्ये उतरायचंच असेल तर दोन तासांपेक्षा कमी नको आणि चारपेक्षा जास्त नको, व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा, आणि दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात पण पहिली उशिरा गेली तर दुसरी कंपनी हात वर करते, बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. काही देशात नुसत्या ट्रान्झिटलाही व्हिसा लागतो, तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नाही. अबू धाबीवरून अमेरिकेला गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं, ते छान आहे कारण पलीकडे उतरल्यावर डोमेस्टिकसारखं बाहेर पडता येतं, पण मग तिथलं कनेक्शन जरा जास्त वेळाचं घ्या. आणि नेवार्कला उतरून पुढे डोमेस्टिक विमान असेल तर पहिल्या अमेरिकन एअरपोर्टलाच सहसा इमिग्रेशन, बॅग घ्यायची, कस्टम, बॅग परत द्यायची, सगळं करावं लागतं, दीड तासाचं कनेक्शन म्हणजे पळापळ.

मध्ये उतरण्याला नाक मुरडणाऱ्यांना सांगायला एक गोष्ट ठेवलीय मी. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान, मलबार प्रिन्सेस, मुंबईहून लंडनला गेलं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत थांबत.

आता घर ते गेट. गूगल हे सांगत नाही आणि आपले सहा तास इथेच जातात.

इंटरनॅशनल फ्लाइटसाठी सुटायच्या साडेतीन तास आधी टी टू वर, म्हणजे मुंबईच्या दोन नंबरच्या टर्मिनलवर, उभं राहायचं असं मी धरते, अमेरिकेची असेल तर चार, कारण गेटवर त्यांची आणखी एक तपासणी असते. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, काहींचे सव्वा तास. डोंबिवलीहून रिकाम्या रस्त्यावर तास-सव्वा तासाचं काम आहे, पण संध्याकाळी आठला रिकामा रस्ता कुठे असतो, शिळफाट्याला किती वेळ जाईल सांगता येत नाही, ऐरोलीचा पूल, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. मी दोन तास धरते, पावसात अडीच. मावशी आठला निघाली, दहाच्या आत पोचली, दोनच्या विमानासाठी. काका वैतागले की चार तास काय करायचं तिथे, पण चेक-इनच्या रांगेत एक तास, इमिग्रेशनला चाळीस मिनिटं, सिक्युरिटी, मग ते न संपणारं चालणं, गेटवर टेकली तेव्हा साडेबारा झाले होते आणि दोन दशम्या तिथेच गेल्या.

मेट्रोने जाता येतं का तर येतं, लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो वनने मरोळ नाका आणि तिथे बदलून अ‍ॅक्वा लाइनने टी टू. एक केबिन बॅग असेल आणि दिवसाची फ्लाइट असेल तर मस्त. तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यात डिंकाचे लाडू आणि अळीव, आणि रात्री घाटकोपरचा जिना, नको. आणि मध्यरात्री मेट्रो नसतेच.

एअरपोर्ट कुठला तेही बघा हल्ली. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई, उलव्याजवळचा. नागपूरहून येऊन पुढे परदेशी जाणारे असाल आणि एक तिकीट एनएमआयला उतरवतंय आणि दुसरं बीओएमहून सुटतंय तर मध्ये अख्खी मुंबई आहे, टॅक्सीने. टी वन आणि टी टू सुद्धा शेजारी शेजारी नाहीत, रस्त्याने फिरून जावं लागतं.

पलीकडचा वेळ पटकन सांगते, इमिग्रेशन आणि बॅग दीड तास, गाडीपर्यंत जाणं आणि नेवार्क ते एडिसन मिळून एक तास. खाण्याच्या वस्तू असतील तर फॉर्मवर किंवा विचारल्यावर हो म्हणायचं, लपवायचं नाही, ताजी फळं आणि मांस नेऊच नका.

तर मावशीचा कागद असा झाला, १४ तारीख रात्री ८ ला कुलूप, २ ला उड्डाण, म्हणजे सहा तास. सव्वापंधरा तास विमान. अडीच तास पलीकडे. पावणेचोवीस. हे मी आधीच करून दिलं असतं तर चार दशम्यांवर वेळ आली नसती.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर तिचं परतीचं तिकीट होतं. या वेळी तिने स्वतः हिशोब केला, व्हिडिओ कॉलवर, बाळ मांडीवर आणि समोर वही. नेवार्कहून रात्री ९ ला सुटणार, साडेनऊ मिळवले की मुंबईचे सकाळचे साडेसहा, सव्वाचौदा तास उडणार, म्हणजे पावणेनऊला मुंबई. पण तिकिटावर तर पावणेदहा छापलंय, माझा एक तास कुठे गेला गं? मी म्हटलं मावशी, गेल्या रविवारी जावयाने भिंतीवरचं घड्याळ मागे केलं की नाही? ती थोडा वेळ गप्प, मग आतून जावयाचा आवाज आला, हो केलं. "म्हणजे आता साडेदहा मिळवायचे," ती म्हणाली आणि वहीत खोडून परत लिहायला लागली. एडिसनहून साडेचारला निघणार, साडेचार तास विमानाआधी. सव्वाचौदा विमान. इकडे पाऊण तास इमिग्रेशन, बॅगेच्या पट्ट्यावर अर्धा-पाऊण, रात्रीची टॅक्सी तास-सव्वा तास, डोंबिवलीला सव्वाबारापर्यंत.

"एकवीस तास न् वर पंधरा मिनिटं," तिने वही मिटली. "पाच दशम्या पुरतील."